परदेशांतील दोन दिवसांचा विसांवा

दूरदेशीं गेलेल्या माणसाला घरून जें पत्र जाई, त्याचें शेवटचें वाक्य आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलें होतें: 'प्रकृतीस जपावें.' आज पत्रें जवळजवळ बंद पडलीं आणि त्यांची जागा मोबाइलनें घेतली. तरी बोलणें आटोपतांना आईच्या तोंडून तेंच वाक्य येतें, आणि पलीकडचा मुलगा 'हो, हो' म्हणून तें कानाआड करतो. त्याचा तरी काय दोष? प्रकृतीस जपावें म्हणजे नेमकें काय करावें, केव्हां करावें, आणि त्यासाठीं लागणारा वेळ कोणापाशीं मागावा, हें त्या वाक्यांत सांगितलेलें नसतें. आजचें माझें भाषण म्हणजे ह्या एका वाक्याचा खुलासा आहे. परदेशांत राहून नोकरी करणाऱ्या आपल्या माणसांनीं आठवड्याच्या सुटीचे दिवस स्वतःच्या शरीरासाठीं व मनासाठीं कसे राखावे, आणि इकडे घरीं राहिलेल्या आपण सर्वांनीं त्यांना त्या कामीं कशी मदत करावी, एवढाच हा विषय.

मी औंधचा. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यांतलें, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशीं वसलेलें हें गांव एके काळीं एका लहानशा संस्थानची राजधानी होतें. येथें अडतीस वर्षें मीं मुलांना भूगोल आणि मराठी शिकविलें. जगाच्या नकाशावर छडी ठेवून जीं शहरें मीं त्यांना दाखविलीं, त्यांपैकीं कित्येक आज त्यांच्या बिऱ्हाडाचीं ठिकाणें झालीं आहेत. कोणी दुबईस आहे, कोणी मस्कतला, कोणी लंडनला, तर कोणी न्यू जर्सींत. जत्रेच्या किंवा लग्नकार्याच्या निमित्तानें हीं मुलें गांवीं येतात, आठवणीनें भेटून जातात. पगारपाण्याविषयीं विचारलें तर समाधानानें बोलतात. परंतु 'सुटीच्या दिवशीं काय करतोस रे?' असें विचारलें म्हणजे उत्तर बहुधा एकाच सांच्याचें येतें. 'गुरुजी, आठवड्याचे कपडे धुतों, बाजार करतों, दोन-तीन दिवसांचें रांधून ठेवतों, घरच्या सगळ्यांशीं बोलतों, आणि उरलेला वेळ पलंगावर पडून मोबाइल पाहतों. सोमवारीं उठतों तो शुक्रवारइतकाच थकलेला असतों.'

ह्यावर आपल्यापैकीं वडीलधारी मंडळी म्हणतील, 'विसांवा हें सुखवस्तूंचें खूळ आहे. कमवायला गेला आहे तर कमवून येऊं दे. आराम काय, म्हातारपणीं आहेच.' हें बोलणें व्यवहाराचें वाटतें खरें. पण तें किती महाग पडूं शकतें ह्याचें एक उदाहरण आपल्याच इतिहासांत आहे, आणि तें आपण अभिमानानें सांगतांना त्याचा अर्धा भाग विसरतों.

डॉक्टर आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिल महिन्यांत कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्यें अमेरिकेस पोंचल्या. त्या वेळीं त्यांचें वय अठरा वर्षांचें होतें. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून ११ मार्च १८८६ रोजीं त्यांनीं पदवी मिळविली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकहि झाली. पण त्या मायदेशीं परतल्या त्या क्षयानें खंगून, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्याच्या आंत, पुण्यास त्यांचें निधन झालें. त्या काळीं क्षयावर औषध नव्हतें, हें विसरून चालणार नाहीं. त्यांची प्रकृति निघतांनाच नाजूक होती, हेंहि खरें. परंतु तेथली कडाक्याची थंडी, न मानवणारें अन्न आणि अभ्यासाचा अखंड ताण ह्यांनीं तें शरीर पार पोखरून टाकलें, ह्यांत शंका नाहीं. त्यांना अमेरिकेंत कार्पेंटरबाईंसारखी मायेची स्त्री भेटली होती, हें त्यांचें भाग्य; आनंदीबाईंची रक्षा पुढें त्या बाईंकडेच पाठविण्यांत आली आणि न्यूयॉर्कनजीकच्या पोकीप्सी येथें त्यांच्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत ठेवण्यांत आली. आपण मुलींना सांगतों तें पदवीपर्यंतचें. पदवीनंतर अकरा महिन्यांत काय झालें, तेंहि सांगितलें पाहिजे. विद्या मिळाली, पण ती वापरण्यास शरीर उरलें नाहीं, तर घराचें आणि देशाचें दोघांचेंहि नुकसान होतें.

आतां सुटीविषयीं. आठवड्याची सुटी ही मालकानें कृपा म्हणून दिलेली बक्षिसी आहे, अशी समजूत अजून पुष्कळांच्या मनांत असते. ती समजूत इतिहासाला धरून नाहीं. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या घाटावरचे आणि कोंकणांतले हजारों लोक राबत होते. गांव सोडून मुंबईला जाणें म्हणजे त्या काळीं परदेशगमनच होतें. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, आणि ठरलेली साप्ताहिक सुटी नाहीं, अशी स्थिति होती. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं १८८४ सालीं गिरणी कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुटी आणि दुपारीं अर्ध्या तासाची विश्रांति ह्या प्रमुख होत्या. पुढें सहा वर्षें हा माणूस त्या एका मागणीला चिकटून राहिला. २४ एप्रिल १८९० रोजीं मुंबईंत सुमारें दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तींत दोन कामगार स्त्रियांनीं भाषणें केलीं. अखेर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा आपल्या खंडोबाचाहि वार. तेव्हां त्या दिवशीं देवदर्शन आणि घरचीं माणसें ह्यांसाठीं वेळ मिळावा, ही भावना कामगारांच्या मनांत होतीच. सारांश, आपण आज ज्या रविवारीं निवांत उशिरां उठतों, तो रविवार कोणी तरी झगडून मिळविलेला आहे.

ह्याहून जुनें उदाहरण आपल्या कुलाबा जिल्ह्यांतलें, म्हणजे आजच्या रायगडांतलें आहे. तेथील बेने इस्राएल लोक शेंकडों वर्षें तेलाचा धंदा करीत. बोलण्यांत मराठी, वेषांत मराठी, आडनांवें गांवांवरून पडलेलीं. पण शनिवारीं ते घाण्याला हात लावीत नसत. म्हणून शेजाऱ्यांनीं त्यांना नांव दिलें 'शनिवार तेली'. विचार करा, भोंवतालच्या सर्व गांवाचा धंदा चालूं आहे, गिऱ्हाईक दाराशीं उभें आहे, आणि हे लोक मात्र तो एक दिवस मोडीत नाहींत. १९४८ नंतर ह्यांपैकीं बहुतेक जण इस्राएल देशांत जाऊन राहिले. तेथेंहि त्यांनीं 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिक चालविलें. परक्या मुलुखांत शतकानुशतकें राहून ज्यांनीं आपलेंपण टिकविलें, त्यांनीं तें टिकविण्यासाठीं आठवड्याचा एक दिवस हातचा राखला होता, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

दोन दिवसांची सुटी ही मात्र अलीकडची. अमेरिकेंत हेन्री फोर्ड ह्यांनीं १९२६ सालीं आपल्या कारखान्यांत पांच दिवसांचा आठवडा सुरू केला, आणि पुढें ती चाल जगभर पसरली. आखाती देशांत शुक्रवार हा प्रार्थनेचा दिवस असल्यामुळें तेथील सुटी निराळी पडते. सौदी अरेबियांत २०१३ पासून शुक्रवार-शनिवार अशी सुटी आहे. संयुक्त अरब अमिरातींत सरकारी कचेऱ्यांना जानेवारी २०२२ पासून शुक्रवारचा अर्धा दिवस आणि शनिवार-रविवार अशी सुटी मिळूं लागली. वार कोणताहि असो. आठवड्यांत कांहीं काळ शरीराला कामापासून सोडवावें लागतें, हें सर्व धर्मांना आणि सर्व कारखान्यांना शेवटीं मान्य करावें लागलें आहे.

मग आपला परदेशस्थ माणूस ही मिळालेली सुटी खरोखर घेत कां नाहीं? माझ्या मतें ह्याचीं तीन कारणें आहेत.

पहिलें कारण पैसा. डोक्यावर कर्ज काढून गेलेला माणूस सुटीच्या दिवशींहि जादा काम मिळालें तर तें सोडीत नाहीं. प्रत्येक तास तो मनांतल्या मनांत रुपयांत मोजतो, आणि झोपलेला तास त्याला बुडालेला वाटतो. दुसरें कारण भीति. अमेरिकेंतील एच-वन-बी परवान्यावरील माणसाची नोकरी सुटली, तर दुसरी शोधण्यास त्याला फार तर साठ दिवसांची सवलत मिळते. ज्याचें घर, मुलांची शाळा आणि देशांत राहण्याचा हक्क हीं सर्व एकाच नोकरीच्या खुंटीला टांगलेलीं आहेत, तो शनिवारीं आलेला साहेबाचा निरोप उघडल्याशिवाय कसा राहील? हीं दोन्ही कारणें खरीं आहेत, आणि नुसत्या उपदेशानें तीं दूर होणारीं नाहींत.

तिसरें कारण मात्र आपल्या हातांतलें आहे, कारण तें कारण म्हणजे आपणच. येथें मला थोडा भूगोल सांगावा लागेल. पृथ्वी एका तासांत पंधरा अंश फिरते. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आणि न्यूयॉर्कची पंचाहत्तर अंश पश्चिमेची. दोहोंमध्यें एकशें साडेसत्तावन्न अंशांचें अंतर, म्हणजे साडेदहा तास. उन्हाळ्यांत तेथील घड्याळें एक तास पुढें सारतात, तेव्हां साडेनऊ. आतां हिशेब करा. आपण रविवारीं सकाळीं आठ वाजतां चहा घेऊन निवांतपणें मुलाला हांक मारतों, तेव्हां हिंवाळ्यांत तेथें शनिवारची रात्र असते आणि साडेनऊ वाजलेले असतात. आपल्या शनिवारच्या संध्याकाळीं साडेपांच वाजतां बोलावें, तर तेथें सकाळचे सात. म्हणजे आठवड्यांतून एकदां उशिरां उठण्याची जी संधि, तीच आपण घेऊन टाकतों. आधीं आई बोलते, मग सासूबाई, मग बहीण, मग 'काकांना जरा दोन शब्द बोल'. प्रत्येकाचा हक्क खरा, प्रत्येकाचें प्रेम खरें. पण बेरीज केली तर त्या मुलाचा अर्धा दिवस गेलेला असतो. त्यांत पुन्हां बोलण्याचा विषय काय, तर घराचा हप्ता, शेताची वांटणी, कोणाचें तरी ऑपरेशन. हें सारें ऐकून तो मोबाइल खालीं ठेवतो, तेव्हां त्याला विसांवा मिळालेला नसतो, दुसरी पाळी संपलेली असते.

माझ्या भागांतलें आणखी एक उदाहरण ह्या जागीं सांगण्यासारखें आहे. आमच्या शेजारच्या विटे, खानापूर, आटपाडी ह्या दुष्काळी टापूंतील कित्येक कुटुंबें गलाईच्या धंद्यासाठीं, म्हणजे सोनें-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामासाठीं, भारताच्या कानाकोपऱ्यांत पसरलेलीं आहेत. विस्तव आणि तेजाब ह्यांच्या सान्निध्यांतलें हें काम. आणि पुष्कळदां गाळण्याची जागा व राहण्याची जागा एकमेकींना लागूनच. जेथें काम तेथेंच झोंप असली म्हणजे काम कोठें संपलें आणि दिवस कोठें संपला, हें कळेनासें होतें. आजकाल संगणकावर घरबसल्या नोकरी करणाऱ्यांची अवस्था नेमकी अशीच झाली आहे. फरक एवढाच कीं गलाईवाल्याच्या डोळ्यांना धूर दिसतो, संगणकवाल्याला तो दिसत नाहीं. गलाईवाले बंधु निदान गांवच्या जत्रेला येतात आणि आठ दिवस सगळें विसरतात. समुद्रापार गेलेल्याला दर वर्षीं जत्रा साधत नाहीं. म्हणून त्यानें आपली लहानशी जत्रा दर आठवड्यास भरवावी, असें मला म्हणावयाचें आहे.

ती कशी भरवावी? ह्याबाबत आमच्या औंधपाशीं जगाला देण्यासारखें कांहीं होतें, आणि तें त्यानें दिलेंहि आहे. औंधचे अधिपति श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८-१९५१) ह्यांनीं प्रथम सुमारें दहा वर्षें सँडो ह्या युरोपीय मल्लाच्या पद्धतीनें, त्याचीं उपकरणें वापरून, व्यायाम केला. पुढें मिरजेच्या अधिपतींच्या सल्ल्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि आयुष्यभर त्याला चिकटून राहिले. संस्थानच्या शाळांतून त्यांनीं सूर्यनमस्कार सक्तीचे केले. त्यांचें ह्या विषयावरील पुस्तक लुईझ मॉर्गन ह्या पत्रकार बाईंनीं संपादन करून १९३८ सालीं लंडनमध्यें डेंट ह्या प्रकाशनसंस्थेकडून प्रसिद्ध केलें, आणि आमच्या माळरानावरचा हा व्यायाम इंग्रजांच्या दिवाणखान्यांत पोंचला. बाळासाहेबांनीं ह्या व्यायामाचे जे जे गुण गायिले, ते सर्व आजच्या वैद्यकानें जसेच्या तसे मान्य केले आहेत असें मी म्हणणार नाहीं. ज्याचे गुडघे दुखतात, ज्याचा रक्तदाब चढतो, त्यानें डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा. परंतु परदेशस्थासाठीं ह्या व्यायामाची सोय बिनतोड आहे. त्याला सतरंजीएवढी जागा पुरते, उपकरण लागत नाहीं, वर्गणी लागत नाहीं, बाहेर बर्फ पडत असला तरी अडत नाहीं, आणि खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याला आवाजहि जात नाहीं.

बाळासाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत ह्यांचें चरित्र तर आपल्या विषयाला अगदीं लागू पडणारें आहे. ऑक्सफर्डला शिकलेला हा राजपुत्र १९४८ सालीं भारताचा आयुक्त म्हणून नैरोबीला गेला, आणि नंतर इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, इंग्लंड, इटली असा त्यांचा जन्म बहुतेक परदेशांतच गेला. विषुववृत्तावरचें ऊन आणि नॉर्वेचा अंधारी हिंवाळा दोन्ही त्यांनीं अनुभविलीं. १९७० सालीं त्यांनीं सूर्यनमस्कारांवर इंग्रजींत स्वतंत्र पुस्तक लिहिलें. घरून नेलेली ही शिदोरी त्यांनीं आयुष्यभर जपली, आणि ती परक्या लोकांतहि वाटली. राजदूताच्या बंगल्यांत राहणें आणि चौघांत एक खोली घेऊन राहणें ह्यांत फार अंतर आहे, हें मी जाणतों. पण सतरंजी दोघांचीहि सारखीच असते.

आतां दोन दिवसांची आंखणी सांगतों. ही कोणा पंडिताची नव्हे, माझ्या विद्यार्थ्यांशीं बोलून, त्यांना काय साधतें आणि काय साधत नाहीं हें ऐकून मनाशीं जुळविलेली आहे.

शुक्रवारीं काम संपलें कीं पुढच्या सोमवारीं काय काय करावयाचें तें कागदावर लिहून काढावें आणि तो कागद पिशवींत घालावा. मनांत घोळणारी गोष्ट कागदावर उतरली म्हणजे डोकें थोडें मोकळें होतें. त्या रात्रीं मोबाइल दुसऱ्या खोलींत ठेवून निजावें. प्रौढ माणसाला रोज निदान सात तास झोंप हवी, असें वैद्यकशास्त्र सांगतें. पण आठवडाभर जागून शनिवारीं दुपारीं बारापर्यंत झोंपणें हा त्यावरचा तोडगा नव्हे. तसें केल्यानें रविवारीं रात्रीं डोळा लागत नाहीं, आणि सोमवार आणखीच जड जातो. नेहमींपेक्षां तास-दीड तास उशिरां उठावें, एवढें पुरे.

शनिवारची सकाळ शरीराची. अंगाला तेल चोळून ऊन पाण्यानें स्नान करावें. दिवाळींतलें अभ्यंग वर्षांतून एकदांच करावें असा कांहीं नियम नाहीं. त्याआधीं झेंपतील तितके नमस्कार घालावे, आणि नंतर उजेडांत तासभर पायीं हिंडून यावें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं जें मार्गदर्शन प्रसिद्ध केलें, त्यांत प्रौढांनीं आठवड्याला दीडशें ते तीनशें मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम करावा असें सांगितलें आहे. त्यांतला चांगला वांटा ह्या दोन सकाळींच उरकतो. उत्तरेकडील देशांत राहणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. तेथील हिंवाळ्यांतील सूर्य आपल्या कातडीला पुरेसें ड जीवनसत्त्व देऊं शकत नाहीं. इंग्लंडचें आरोग्यखातें सर्वांनाच शरदांत व हिंवाळ्यांत रोज दहा मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा असें सांगतें, आणि सांवळ्या वर्णाच्या लोकांनीं तर बारा महिने. अंग दुखतें, उत्साह वाटत नाहीं, म्हणून देवाला बोल लावण्याआधीं ही साधी तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावी.

शनिवारची दुपार घरकामाची. धुणें, बाजार, झाडलोट हीं कामें चुकत नाहींत. पण त्यांना एकच दुपार द्यावी, दोन दिवस देऊं नयेत. बाई आणि बुवा दोघेंहि नोकरी करीत असतील, तर कामें दोघांनीं वांटून घ्यावीं. बुवाचा विसांवा आणि बाईची दुप्पट राबणूक असा प्रकार पुष्कळ घरीं चालतो. त्याला विसांवा म्हणतां येणार नाहीं. संध्याकाळीं ताजें अन्न शिजवावें: गरम वरणभात, वर तूप-लिंबू, जवळ असल्यास मेतकूट. पदार्थांची रांग नको. एका ओळखीच्या वासानें मन घरीं पोंचतें, तेवढें पुष्कळ आहे.

रविवार माणसांचा. एका तरी माणसाशीं समोरासमोर बसून मराठींत बोलावें. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालूं आहे, उत्तर अमेरिकेंत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून काम करतें, आणि बहुतेक मोठ्या शहरांत आज असें एखादें मंडळ सांपडतें. तेथें गणपतीपुरतेंच जाऊं नये. समारंभ नसतांना जे चार लोक सतरंज्या घडी करावयास थांबतात, त्यांच्याशींच खरी मैत्री जमते. मंडळ जवळ नसेल, तर शेजारच्या परक्या माणसाला चहाला बोलवावें. माया मराठींतच बोलते असें नाहीं, हें कार्पेंटरबाईंनीं दाखवूनच दिलें आहे. दुपारीं कांहीं वाचावें, गावें, चित्र काढावें, कुंडींत कोथिंबीर लावावी. ज्याचा पगार मिळत नाहीं असें एक काम करावें. आणि रात्रीं लवकर निजावें.

आखातांत बांधकामावर किंवा रस्त्यावर काम करणाऱ्या आपल्या बांधवांना ही आंखणी जशीच्या तशी लागू पडणार नाहीं, ह्याची मला जाणीव आहे. एका खोलींत सहा-आठ जण, सुटी एकच दिवस, आणि ऊन असें कीं बाहेर पाऊल टाकवत नाहीं. त्यांना मी तीनच गोष्टी सांगेन. अमिरातींत दर वर्षीं १५ जून ते १५ सप्टेंबर ह्या काळांत दुपारीं साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास कायद्यानें बंदी आहे. हा आपला हक्क ठाऊक असूं द्यावा. तहान लागण्याची वाट न पाहतां पाणी पीत जावें. आणि सुटीच्या दिवशीं खोलींतील सर्वांनीं मिळून दुपारचे तीन तास दिवा बंद, मोबाइलचा आवाज बंद, असा नेम करावा. आठ जणांना एकदम शांत झोंप मिळण्याचा दुसरा उपाय मला दिसत नाहीं.

येथें एक इशारा दिला पाहिजे. थकवा आणि खिन्नता ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन-तीन सुट्या नीट घेऊनहि मन उभारी धरीत नसेल, रात्रीमागून रात्रीं झोंप येत नसेल, दारूवांचून संध्याकाळ जात नसेल, किंवा जगणेंच नकोसें वाटत असेल, तर तेथें तेल-पाण्याचें काम नाहीं, डॉक्टरांचें काम आहे. अमेरिकेंत २०२२ पासून ९८८ ह्या क्रमांकावर, आणि इंग्लंडांत ११६ १२३ ह्या क्रमांकावर, कोणत्याहि घटकेला कोणी तरी ऐकून घेणारें भेटतें. दुबईंत भारतीय वकिलातीचें प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे. 'लोक काय म्हणतील' ही भीति सातासमुद्रापलीकडे घेऊन जाण्यासारखें सामान नव्हे. ताप आला तर आपण औषध घेतों; मनाच्या तापालाहि तोच न्याय लावावा.

शेवटीं, श्रोतेहो, मी आपल्याकडे वळतों. परदेशीं असलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या विसांव्याची किल्ली बऱ्याच अंशीं आपल्या हातांत आहे. आठवड्यांतून एक वेळ ठरवून घ्यावी, आणि ती त्यांच्या घड्याळाप्रमाणें ठरवावी, आपल्या नव्हे. लंडनच्या मुलाशीं आपल्या रविवारीं दुपारीं चार वाजतां बोललें, तर तेथें हिंवाळ्यांत सकाळचे साडेदहा होतात; त्याची झोंपहि मोडत नाहीं आणि दिवसहि. घरांतील सर्वांनीं त्याच वेळीं एकत्र बसून बोलावें, म्हणजे एकच गोष्ट त्याला चारदां सांगावी लागणार नाहीं. हप्ता, वांटणी, कोर्टकचेरी ह्या गोष्टी लिहून कळवाव्या, आणि बोलण्याची वेळ बोलण्यासाठीं ठेवावी. एखाद्या आठवड्यांत मुलगा म्हणाला, 'आज बोलत नाहीं, झोंपतों,' तर त्याचा राग मानूं नये. उलट, ज्या दिवशीं तो आपल्याला न विचारतां निर्धास्त झोंपला, त्या दिवशीं 'प्रकृतीस जपावें' हें आपलें वाक्य त्यानें ऐकलें, असें समजावें.

ह्या आठवड्यांत निदान वेळेचा हा बदल आपल्या घरीं करून पाहावा, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.